सरासरीच्या आड दडलेला रुग्ण : मेंदूच्या पीईटी-एमआरआय प्रतिमांतील क्षीणन-दुरुस्तीची चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातील पहिले वैद्यकीय पीईटी केंद्र सुरू झाले. त्यानंतर पीईटीला सीटीची आणि पुढे एमआरआयची जोड मिळाली. एमआरआयमुळे मेंदूतील मृदू ऊतींचे चित्र अधिक स्पष्ट दिसते व क्ष-किरणांची मात्राही टळते. परंतु सीटी वगळताच एक जुनी समस्या नव्याने उभी राहते. त्या समस्येवरील उपायांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :
पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन नष्ट होताना ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. दोन्ही शोधकापर्यंत पोहोचले तरच नोंद होते. मृदू ऊतींत क्षीणनांक दर सेंटिमीटरला सुमारे ०.०९६ असतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या मार्गावर जेमतेम चतुर्थांश जोड्या सुखरूप बाहेर पडतात. उरलेल्यांचा हिशेब गणिताने भरून काढणे म्हणजे क्षीणन-दुरुस्ती होय.

सीटी क्ष-किरणांचे क्षीणनच मोजते, त्यामुळे तिच्यावरून हा हिशेब मांडता येतो. एमआरआय मात्र हायड्रोजनच्या केंद्रकांचा संकेत टिपते. घट्ट हाडाचा संकेत क्षणार्धात विरतो, म्हणून नेहमीच्या प्रतिमेत कवटी व हवा दोन्ही काळीच दिसतात. क्षीणनाच्या दृष्टीने मात्र हाड सर्वांत जड आणि हवा जवळजवळ शून्य. उदाहरणादाखल हाडाचा क्षीणनांक ०.१५ धरला व दोन्ही बाजूंची मिळून १.२ सेंटिमीटर कवटी मृदू ऊती समजली, तर त्या रेषेवरील नोंद सुमारे ६ टक्के कमी भरते. कवटीला तिरपी छेदणाऱ्या रेषांवर ही तूट आणखी वाढते.

पद्धतींची चिकित्सा :
पाणी व चरबी वेगळी करणारी डिक्सन पद्धत मूळ स्वरूपात हाडाची दखलच घेत नाही. २०१४ साली अँडरसन व सहकाऱ्यांनी दाखविले की, ही चूक मेंदूभर सारखी नसते. ती कवटीलगतच्या बाह्यकात अधिक व मध्यभागी कमी असते. अतिलघु-प्रतिध्वनी पद्धत हाडाचा अल्पजीवी संकेत पकडू पाहते. नकाशा-आधारित पद्धती इतरांच्या सीटी-एमआरआय जोड्यांवरून रुग्णाच्या कवटीचा अंदाज बांधतात. सखोल अध्ययनावर आधारलेल्या पद्धतीही अखेर अशाच जोड्यांवर शिकतात.

लाडेफोगेड व सहकाऱ्यांनी २०१७ साली अकरा पद्धती ३५९ व्यक्तींवर तपासल्या. डिक्सन व यंत्रासोबत मिळणारी अतिलघु-प्रतिध्वनी पद्धत वगळता उरलेल्यांची सरासरी चूक सीटीच्या तुलनेत ५ टक्क्यांच्या आत राहिली. हे काम मोलाचे आहे, आणि त्यात व्यक्तिगणिक विचलनही पाहिले आहे.   तथापि त्या व्यक्तींच्या कवट्यांवर सिद्ध झालेली अचूकता येथील कवट्यांसाठी, विशेषतः शस्त्रक्रियेने हाड काढलेल्या वा धातूची पट्टी बसविलेल्या रुग्णासाठी, गृहीत धरता येत नाही.

‘गुणोत्तर घेतल्यास चूक आपोआप छेदली जाते’ हा युक्तिवादही अपुरा आहे. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत अनेकदा लहान मेंदू संदर्भ म्हणून घेतला जातो. त्याच्याभोवती जाड हाड व हवेच्या पोकळ्या दोन्ही असतात. तेथील वाचन ८ टक्के कमी आले आणि बाह्यकाचे अचूक राहिले, तर गुणोत्तर सुमारे ९ टक्के फुगते. सीमारेषेवरील रुग्णाचे निदान तेवढ्याने पालटू शकते.

निष्कर्ष :
मालेगावहून महामार्गाने मुंबईला जाऊन तपासणी करून घेणारा रुग्ण सरासरी घेऊन परतत नाही. तो स्वतःचा अहवाल घेऊन परततो. म्हणून अहवालात क्षीणन-दुरुस्तीच्या पद्धतीचे नाव व आवृत्ती नोंदविली जावी. आधीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना एकाच पद्धतीने व्हावी. रुग्णाची पूर्वीची सीटी उपलब्ध असल्यास तिचा पडताळ्यासाठी उपयोग करावा. तसेच नकाशे व संगणकीय प्रारूपे भारतीय रुग्णांच्या प्रतिमांवर तपासली जावीत. पद्धतीची खरी कसोटी सरासरीत नाही. ती सर्वाधिक चुकलेल्या रुग्णापाशी लागते.