शालेय क्रीडा स्पर्धांतील समान संधी : शासकीय व खासगी शाळांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धांचे आयोजन केले जाते. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या क्रमाने होणाऱ्या या स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील मुले-मुली सहभागी होतात. राज्यस्तरावरून निवड झालेले खेळाडू भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात. या सर्व पायऱ्यांपैकी तालुकास्तर ही सर्वांत खालची, म्हणूनच सर्वांत महत्त्वाची पायरी होय. ग्रामीण भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे क्रीडाजीवन या पायरीवर सुरू होते आणि तेथेच संपते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावाचा विचार केला असता हे चित्र अधिक स्पष्ट होते. तालुक्याच्या मैदानावर जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित संस्थेचे विद्यालय आणि स्वयंअर्थसाहाय्यित इंग्रजी माध्यमाची शाळा हे तिन्ही प्रकार एकाच गटात एकमेकांसमोर उभे राहू शकतात. नियम एकच, मैदान एकच, पंचही तेच. त्यामुळे ही स्पर्धा समान पातळीवर होते, असा सर्वसाधारण समज आहे. या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'खासगी' या संज्ञेची मर्यादा :

शासकीय विरुद्ध खासगी अशी मांडणी करताना प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा फार मोठा भार खासगी अनुदानित संस्थांनी उचलला आहे. या शाळांच्या व्यवस्थापनाची मालकी संस्थेची असली तरी शिक्षकांचे वेतन शासन देते आणि तेथे शिकणारा विद्यार्थी बहुतांशी शेतकरी व शेतमजूर कुटुंबातील असतो. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक प्रशालाही आहेत. त्यांच्यात व शेजारच्या अनुदानित विद्यालयात साधनांच्या दृष्टीने फारसे अंतर आढळत नाही. याउलट महाराष्ट्र स्वयंअर्थसाहाय्यित शाळा अधिनियम, २०१२ नंतर विस्तारलेल्या शाळांचा आर्थिक पाया सर्वस्वी शुल्कावर उभा आहे. कायद्याच्या भाषेत अनुदानित विद्यालय व ही शाळा दोन्ही 'खासगी' ठरतात, परंतु क्रीडांगणावर त्यांची स्थिती एक नाही.

शासकीय या संज्ञेचेही असेच आहे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी या शासकीय संस्था आहेत, तथापि तेथे चाचणी घेऊन निवडलेल्या विद्यार्थ्यांना निवास, आहार व नियमित प्रशिक्षण दिले जाते. अशा खेळाडूंचा संघ आणि गावातील शाळेचा संघ समोरासमोर आल्यास दोन्हीकडे शासनाचाच पैसा असूनही स्पर्धा समान राहत नाही. म्हणून विषमतेचे खरे मूळ मालकीत शोधण्यापेक्षा अन्य दोन गोष्टींत शोधणे युक्त ठरते : विद्यार्थी निवडण्याचा अधिकार आणि सरावासाठी उपलब्ध असलेला वेळ व माणूस.

शाळेची रचना व वयोगट :

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंतच असतात. सातवीपर्यंतच्या शाळेतील सर्वांत मोठी मुले साधारणपणे बारा-तेरा वर्षांची असतात. १४ वर्षांखालील गटात या शाळेची गाठ ज्या विद्यालयाशी पडते, तेथे आठवीत व नववीत शिकणारी, वयाच्या मर्यादेलगत पोहोचलेली मुले उपलब्ध असतात. कबड्डी, कुस्ती किंवा गोळाफेक यांसारख्या प्रकारांत या वयातील एका वर्षाचे अंतर निर्णायक ठरते. हे अंतर कोणी गैरप्रकाराने निर्माण केलेले नाही. शाळेच्या रचनेतूनच ते उद्भवते, आणि म्हणून तक्रारीच्या अर्जातही ते कधी दिसत नाही.

याचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने पाच-सहा वर्षे घडविलेला खेळाडू पुढे दुसऱ्या विद्यालयात जातो आणि १७ वर्षांखालील गटात यश मिळवतो. या यशाची नोंद केवळ नव्या शाळेच्या नावावर होते. मूळ शाळेचे योगदान कोणत्याही कागदावर राहत नाही आणि 'शासकीय शाळांत खेळाडू घडत नाहीत' हा निष्कर्ष काढणे सोपे होते.

साधनांची विषमता :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण व क्रीडासाहित्याची अट घालण्यात आली आहे. मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच लागू होते. म्हणजे ज्या लहान गावात शाळेखेरीज खेळाचे अन्य साधन नाही, नेमकी तीच शाळा या तरतुदीच्या बाहेर राहते. तेथे संघाची तयारी वर्गशिक्षकाच्या वैयक्तिक आवडीवर अवलंबून असते व त्याची बदली झाली की मैदानही ओस पडते. अनुदानित विद्यालयात शारीरिक शिक्षण शिक्षक असला तरी त्याच्याकडे अन्य विषयांच्या तासिका असण्याचे प्रमाण कमी नाही. शुल्कावर चालणाऱ्या शाळेस मात्र एका खेळासाठी स्वतंत्र प्रशिक्षक मानधनावर नेमण्यास कोणाची मान्यता लागत नाही.

स्पर्धेची पद्धतीही या विषमतेत भर घालते. वेळ व निधी मर्यादित असल्याने सांघिक सामने सहसा बाद पद्धतीने खेळविले जातात. वर्षभर तुटपुंज्या साधनांवर सराव केलेला संघ सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला येतो, पहिल्याच सामन्यात बलाढ्य संघाकडून पराभूत होतो आणि दुपारी परततो. ज्या मुलांना सामन्याच्या अनुभवाची सर्वाधिक गरज असते, त्यांना तो सर्वांत कमी मिळतो.

निवडीचा अधिकार : मुंबई व कल्याण येथील उदाहरणे

विद्यार्थी निवडण्याच्या अधिकाराचे स्वरूप मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये ठळकपणे पाहावयास मिळते. सचिन तेंडुलकर यांनी प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यानुसार वांद्रे येथील शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला, हे सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी ही शारदाश्रमाच्या याच परंपरेचे फळ होते. खेळासाठी शाळा बदलणे हा गुन्हा नव्हे. प्रतिभेला योग्य गुरू मिळाल्याने भारतीय क्रिकेटचे कल्याणच झाले. परंतु शाळा ही वस्तीतील मुलांची असते आणि शालेय संघ त्या वस्तीचे प्रतिनिधित्व करतो, हे गृहीतक येथे उरत नाही. संघ 'शालेय' या नावाने खेळतो, प्रत्यक्षात तो निवडक खेळाडूंचा असतो.

दुसरे उदाहरण जानेवारी २०१६ मधील आहे. कल्याण येथील भंडारी चषक स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने आर्य गुरुकुल संघाविरुद्ध ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले. रिक्षाचालकाच्या मुलाच्या या विक्रमाचे देशभर कौतुक झाले व ते उचितच होते. तथापि क्षेत्ररक्षण करणाऱ्या अकरा मुलांना त्या दोन दिवसांत खेळाने काय दिले, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. या दोन्ही शाळा खासगी होत्या, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. शासकीय व खासगी शाळांची सरसकट विभागणी केली असती तरी हा सामना टळला नसता.

यशाचे मूल्य :

हा केवळ चषकाचा प्रश्न असता तर त्याची एवढी चर्चा आवश्यक नव्हती. परंतु शालेय स्पर्धेतील प्रावीण्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडागुणांची सवलत अवलंबून असते. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाची वाटही क्रीडा प्रमाणपत्रातूनच जाते. २००५ च्या शासन निर्णयातील यासंबंधीच्या तरतुदी २०१६ मध्ये सुधारित करण्यात आल्या. स्पर्धेचे प्रमाणपत्र हे अशा प्रकारे सार्वजनिक संधीचे साधन बनले आहे, आणि सार्वजनिक संधीच्या वाटपाला न्यायाची कसोटी लावणे अपरिहार्य आहे.

येथे खेळांच्या वाढत्या यादीचाही विचार करावा लागतो. स्केटिंग, तलवारबाजी, रायफल नेमबाजी, जलतरण यांसारख्या खेळांसाठी लागणारे साहित्य व सुविधा ग्रामीण शाळेच्या आवाक्याबाहेर आहेत. ज्या खेळात मोजक्याच शाळांच्या प्रवेशिका येतात, तेथे वरची पातळी गाठण्यासाठी थोडे सामने पुरतात. कबड्डी किंवा खो-खोमध्ये तीच पातळी गाठण्यासाठी मात्र असंख्य संघांना मागे टाकावे लागते.

एक आक्षेप व त्याचे उत्तर :

खरी गुणवत्ता साधनांवाचूनही वर येते, असा आक्षेप या विवेचनावर घेतला जाऊ शकतो. त्यासाठी धाराशिवच्याच सारिका काळे यांचे उदाहरण दिले जाईल. गरिबीतून वर आलेल्या या खो-खोपटूने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हे उदाहरण निःसंशय प्रेरणादायी आहे, परंतु ते आक्षेपाऐवजी मूळ विवेचनालाच पुष्टी देते. खो-खोला दोन खांब, आखलेले मैदान आणि जाणकार प्रशिक्षक एवढेच लागते. जेथे साधनांचा खर्च नगण्य आहे तेथे या जिल्ह्यातील मुली देशाचे नेतृत्व करतात. ज्या खेळात खर्च मोठा आहे तेथे त्या दिसत नसतील, तर उणीव गुणवत्तेची मानता येत नाही.

उपाययोजनांची चिकित्सा :

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २००५-०६ च्या सुमारास, ठरावीक हद्दीबाहेरून विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून त्यांना मोठ्या शाळांच्या गटात खेळविण्याचा नियम केला. तेथेही निकष मालकीऐवजी प्रवेशाच्या हद्दीचा ठेवण्यात आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे यश न मिळालेल्या शाळांना या नियमातून सूट देण्याची तरतूद करावी लागली. कोणताही सरसकट गुणक काही दुर्बल शाळांवर अन्याय करतो, हा त्याचा बोध होय.

महाराष्ट्रात शाळाबदलावर सरसकट निर्बंध घालणेही तितकेच धोक्याचे ठरेल. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची मुले हंगामानुसार स्थलांतर करतात. अनेक मुली पुढील शिक्षणासाठी वसतिगृह असलेल्या गावी जातात. खेळाडू पळविण्यास आळा घालणारा नियम पहिल्यांदा याच मुलांना मैदानाबाहेर काढील. म्हणून निर्बंध विद्यार्थ्यावर न घालता संघाच्या रचनेवर घालणे श्रेयस्कर ठरते. नजीकच्या वर्षात बाहेरून प्रवेश घेतलेल्या किती खेळाडूंना एका संघात स्थान द्यावे, याची मर्यादा ठरविता येईल आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना तिच्यातून वगळता येईल.

याखेरीज तीन गोष्टी अल्प खर्चात शक्य आहेत. तालुकास्तरावर किमान १४ वर्षांखालील गटात प्रत्येक संघाला दोन-तीन सामने मिळतील अशी साखळी पद्धत अवलंबावी. सातवीपर्यंतच्या शाळांचा स्वतंत्र उपगट करावा. खेळाडूच्या प्रमाणपत्रावर त्याच्या पूर्वीच्या शाळेचा उल्लेख असावा. चाचणीद्वारे निवडलेल्या निवासी संस्थांच्या संघांना, त्या शासकीय असोत वा खासगी, तालुका व जिल्हास्तरावर न खेळविता वरच्या स्तरावर स्वतंत्र प्रवेश देणेही न्याय्य ठरेल. केंद्रीय विद्यालय व नवोदय विद्यालय यांसारख्या संघटना राष्ट्रीय शालेय स्पर्धांत स्वतंत्र घटक म्हणून उतरतात. वरच्या पातळीवर मान्य असलेले हे तत्त्व खालच्या पातळीवर अमान्य करण्याचे कारण दिसत नाही.

निष्कर्ष :

शालेय क्रीडा स्पर्धांतील विषमता शासकीय व खासगी या दोन शब्दांत सामावत नाही. निवड करू शकणारी शाळा आणि दारात येईल त्या प्रत्येक मुलाला प्रवेश देणारी शाळा, हा खरा भेद आहे. दुसऱ्या प्रकारची शाळा जे सामाजिक कर्तव्य पार पाडते, त्याचीच किंमत तिला क्रीडांगणावर मोजावी लागते. नियम सर्वांना सारखे असणे ही न्यायाची पहिली अट आहे, परंतु ती एकमेव अट मानली गेली तर तालुक्याच्या मैदानावरून दुपारच्या एस.टी.ने परतणारा संघ दरवर्षी तोच राहील. त्या संघातील मुलांना त्याच दिवशी आणखी एक सामना खेळावयास मिळावा, एवढ्या साध्या अपेक्षेपासून या सुधारणेचा प्रारंभ होऊ शकतो.