फटाक्याचे श्रेय

विष्णु दिगंबर पलुस्करांच्या (१८७२–१९३१) चरित्रांत कुरुंदवाडचे बालपण बहुधा एका फटाक्यावर आटोपते: डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून गाणे. मला हा कार्यकारणभाव लंगडा वाटतो. फटाक्याने शाळा सुटली एवढेच. कानावर सूर होता तो कीर्तनकार वडिलांमुळे; पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम आणि मिरजकर पटवर्धनांचा आश्रय लाभला. सारे काही कोसांच्या आत! चरित्रकार याला पार्श्वभूमी म्हणतात. मी कारण म्हणेन. खुद्द पलुस्करांचे वागणेही तेच सुचवते. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या खऱ्या, पण निवडक शिष्यांना मात्र स्वतःजवळ ठेवून घडवले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर त्या सहवासातले.