अरण्याबाहेरचे झाड

मोठ्या शहरात उंच इमारत बांधायला फारसे धैर्य लागत नाही. तेथे जागेची टंचाईच माणसाला वर ढकलते. परंतु अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या बार्टल्सव्हिल या लहान गावात मोकळ्या जागेला काय तोटा? तरीही तेथे प्राइस कुटुंबाने एकोणीस मजल्यांचा मनोरा उभारला. तो कितपत साधला, हे मला येथे पाहावयाचे आहे.

हॅरल्ड प्राइस यांचा धंदा तेलाचे नळ टाकण्याचा. कचेरीसाठी त्यांना हवी होती साधी तीन मजली इमारत. मुलांच्या आग्रहावरून ते फ्रँक लॉइड राइटकडे गेले, आणि तेथेच त्यांचा हिशेब कोलमडला! राइटने १९२९ साली न्यूयॉर्कसाठी मनोऱ्यांचा आराखडा केला होता. मंदीमुळे तो कागदावरच राहिला. तोच त्याने प्राइस यांच्या गळी उतरवला. १९५६ साली २२१ फूट उंचीचा मनोरा पुरा झाला, तेव्हा राइट ८८ वर्षांचा होता.

या मनोऱ्याला तो दाट अरण्यातून निसटलेले झाड म्हणत असे, आणि ही उपमा पोकळ नाही. मधोमध काँक्रीटचा बुंधा, त्यातून फांद्यांप्रमाणे झेपावलेले मजले, बाहेरून हिरवट तांब्याचा साज. तीन भागांत कचेऱ्या, चौथ्यात दुमजली बिऱ्हाडे. काम आणि संसार एका छपराखाली आणणारी ही कल्पना मला फार मोलाची वाटते. खटकतो तो हट्ट. तिरक्या कोनांच्या खोल्यांत बाजारातले टेबल बसेना, म्हणून सामानही राइटनेच आखले. राहणाऱ्याने घराच्या सोयीने राहायचे, असाच हा प्रकार!

खरी कसोटी पुढे लागली. १९८१ साली प्राइस यांच्या कंपनीने मनोरा फिलिप्स पेट्रोलियमला विकला. पुढे तेथे कलाकेंद्र आले, हॉटेल आले. २००७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. पण मानाने दुरुस्तीचा खर्च भागत नाही. २०२४ साली दारे बंद झाली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले आणि २०२५ साली मनोऱ्याला नवा मालक मिळाला.

माझ्या मते दोष उंचीचा नाही. महानगराच्या मापाने बेतलेले झाड लहान गावाच्या मातीत लावले. ती माती त्याला किती पोसणार, हे कोणी विचारले नाही. तरीही तीन मजली कचेरीची आज आठवणही कोणी काढली नसती. मुलांचे ऐकून हिशेबापलीकडे पाहणाऱ्या त्या बापाचे मला कौतुकच वाटते. बांधणाऱ्याने मात्र आणखी एक नकाशा काढावा: आपल्यामागे ही वास्तू कोण, कशाच्या बळावर सांभाळील, याचा.