घाट आणि सागर : इ. स. १७१४ च्या आंग्रे-शाहू तहाचे पुनर्मूल्यांकन

कर्जत-खालापूरच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेस पनवेल-पेणच्या खाड्यांकडे जाणारा उतार आहे. बोरघाट हा या दोहोंमधील दुवा होय. फेब्रुवारी १६६१ मध्ये खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हाच या भूमीचे लष्करी मोल सिद्ध झाले. इ. स. १७१३ मध्ये मात्र याच घाटमाथ्यावर दोन मराठी सत्ता परस्परांसमोर उभ्या राहिल्या. ताराबाईंच्या पक्षातील कान्होजी आंग्रे यांनी लोहगड व राजमाची घेऊन शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. त्यातून १७१४ चा तह झाला.

हा तह सामान्यतः बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीचे यश म्हणून सांगितला जातो. हे मत चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. व्यक्तीच्या चातुर्यावर भर दिल्याने तहामागील भौगोलिक अपरिहार्यता दुर्लक्षित राहते. कान्होजींनी घाटावरील किल्ले सोडले, पण राजमाची राखली. त्यांचे सरखेलपद व किनाऱ्यावरील दुर्ग मान्य झाले. दोन्ही पक्षांनी काही दिले आणि काही राखले, हेच या तहाचे बलस्थान म्हणावे लागेल. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी कुलाब्यावर संयुक्त स्वारी केली, तेव्हा शाहूंची फौज आंग्र्यांच्या मदतीस धावली व ती मोहीम फसली.

तथापि या सहकार्यास संस्थात्मक रूप लाभले नाही. तुळाजी आंग्रे पेशव्यांचे वर्चस्व मानीत नव्हते, हे खरे; परंतु त्यांच्या पारिपत्यासाठी नानासाहेबांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे आंग्र्यांचे आरमार जळाले. अवघ्या बावीस वर्षांनी, १७७८ च्या अखेरीस, इंग्रजांची फौज पनवेलला उतरून खोपोलीमार्गे बोरघाट चढली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला नमावे लागले. तरी शत्रूला रोखण्याची जागा समुद्रावरून घाटमाथ्यावर सरकली होती, याकडे डोळेझाक करता येत नाही.

या संदर्भात नॉर्डिक देशांचा अनुभव उद्बोधक ठरतो. १९४८-४९ मध्ये स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क यांच्या संरक्षणसंघाची बोलणी फिसकटली. नॉर्वे व डेन्मार्क १९४९ मध्ये नाटोत गेले. स्वीडन अलिप्त राहिला. तरीही शेजारधर्म तुटला नाही. २००९ मध्ये पाच देशांनी नॉर्डिक संरक्षण सहकार्याची चौकट उभारली. पुढे फिनलंड २०२३ मध्ये व स्वीडन २०२४ मध्ये नाटोत दाखल झाला. तेथे मतभेद होते. परंतु शेजाऱ्याचे बळ मोडण्यासाठी परक्यास पाचारण केले गेले नाही.

सारांश, १७१४ च्या तहाचे खरे महत्त्व समेटात नसून, घाट व सागर ही एकच संरक्षणरेषा आहे या जाणिवेत आहे. ती जाणीव व्यक्तींपुरती राहिली, नियमात उतरली नाही. राजमाचीवरून कोकणाकडे पाहताना या उणिवेची किंमत आजही उमगते.