बॉय विथ अ फ्लाइंग स्क्विरल
अमेरिकन चित्रकार जॉन सिंगल्टन कॉप्ली (१७३८–१८१५) याचे विख्यात व्यक्तिचित्र (१७६५, तैलरंग, सु. ७७ × ६४ सेंमी.; म्यूझीयम ऑफ फाइन आर्ट्‌स, बॉस्टन). लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स’ या संस्थेच्या १७६६ च्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि अमेरिकन वसाहतीत घडलेली कला यूरोपीय जाणकारांच्या कसोटीला लागली. प्रदर्शनाच्या सूचीत चित्रकाराचे नाव मात्र चुकून विल्यम असे छापले गेले.

कॉप्लीचा सावत्र भाऊ हेन्री पेलम मेजाशी बसला आहे. त्याने बोटांत सैल धरलेल्या सोनेरी साखळीला एक उडणारी खार बांधलेली असून शेजारी पाण्याचा पेला आहे. महॉगनीच्या चकचकीत लाकडात त्यांची प्रतिबिंबे उमटली आहेत. बॉस्टनमध्ये व्यक्तिचित्रे बहुधा गिऱ्हाइकाच्या मागणीवरून होत. हे चित्र मात्र मागणीवाचून, प्रदर्शनासाठीच काढलेले. काच, केस, साटीन, त्वचा या प्रत्येकाचा पोत त्यात वेगळा ओळखू येतो.

जॉश्वा रेनल्ड्‌झने चित्राची वाखाणणी केली. तथापि रेखनातील कठोरपणा, छायेतील थंडपणा व तपशिलांचा अतिरेक हे दोष दाखवून वेळीच यूरोपात येण्याचा सल्ला दिला. मूळच्या पेनसिल्व्हेनियाच्या बेंजामिन वेस्टलाही बाह्यरेषा फार ठळक वाटल्या. निरीक्षण अचूक होते. कॉप्लीचा सावत्र पिता पीटर पेलम हा उत्कीर्णक. तो १७५१ मध्ये वारला. बॉस्टनमध्ये कलाशाळा नव्हती, तेव्हा यूरोपीय चित्रांच्या मुद्रित प्रतिकृती हेच कॉप्लीचे मुख्य गुरू. त्यांत रंग नसतो; कडा आणि छायाप्रकाशाचा विरोध तेवढा असतो. परंतु ज्याला दोष म्हटले गेले, तेच त्याचे सामर्थ्य होते. पॉल रिव्हिअर (१७६८) या चित्रात सदऱ्यावर बसलेल्या रौप्यकाराचा चेहरा आणि त्याच्या हातातील चहाची किटली यांना चित्रकाराने सारख्याच आस्थेने न्याहाळले आहे. रेनल्ड्‌झच्या सरदारी ढंगात हे बसले नसते.

लंडनला रुचावे म्हणून १७६७ मध्ये पाठविलेले मुलगी, पक्षी व कुत्रा यांचे चित्र गजबजलेले होते आणि त्याचे स्वागतही थंडे झाले. अमेरिकन क्रांतीच्या तोंडावर, १७७४ मध्ये, कॉप्लीने बॉस्टन सोडले. वॉटसन अँड द शार्क (१७७८) सारख्या चित्रांतील नाट्य त्याला तिकडेच साधले. मात्र लंडनमधील त्याच्या व्यक्तिचित्रांत कुंचला सफाईदार झाला, तरी वस्तूवर खिळलेली ती जुनी नजर क्वचितच आढळते. तो पुन्हा अमेरिकेला परतला नाही.