लाल बावटा कलापथक : कर्तृत्व कोणाचे?

लाल बावटा कलापथकाचा इतिहास आजवर बहुधा दोन रीतींनी सांगण्यात आला आहे. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांची चरित्रे एकापुढे एक मांडणे ही पहिली रीत. साम्यवादी चळवळीच्या इतिहासातील एक उपप्रकरण म्हणून त्याची नोंद करणे ही दुसरी. दोन्हींत माहिती पुष्कळ असते. परंतु ज्याला पथक म्हणावयाचे ती वस्तू मात्र दोन्हींतून निसटते. चरित्रकाराला व्यक्ती हवी असते, चळवळीच्या इतिहासकाराला आशय हवा असतो; आणि या मंडळींची कला तर व्यक्तिव्यक्तींच्या मधल्या जागेत घडलेली होती.

पथक १९४४ साली मुंबईत उभे राहिले. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी झाली होती, बंगालचा दुष्काळ ताजा होता आणि युद्धकालीन टंचाईने गिरणगाव गांजला होता. एकत्र आलेल्या माणसांची पूर्वतयारी मात्र भिन्न होती. अण्णाभाऊ वाटेगावचे, मांग समाजातील तमाशाची परंपरा त्यांना घरातूनच मिळालेली, आणि बापू साठे यांच्या फडात त्यांनी ती प्रत्यक्ष अनुभवलेली. अमर शेख बार्शीचे. आईच्या ओव्यांवर त्यांचा कान घडला आणि गिरणीकामगारांच्या सभांत त्यांचा आवाज. एकाजवळ रचनेचे तंत्र होते, तर दुसऱ्याजवळ मैदान भरून टाकणारा गळा. गवाणकर स्वतः शाहीर आणि लेखक. त्यांच्याविषयी समीक्षेने दाखविलेले मौन हा व्यक्तिपूजक दृष्टीचाच परिणाम होय.

पथकाने तमाशाच्या अंगात केलेला फेरफार सर्वज्ञात आहे. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीचे आणि श्रमिकांचे स्तवन आले, गौळण गळाली, नाचीचे प्रयोजन उरले नाही. याला 'शुद्धीकरण' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो चुकीचा वाटतो. मध्यमवर्गीयांना रुचेल असा सोज्वळ तमाशा करणे हा हेतूच नव्हता. गौळण गेल्याने वगाला लवकर हात घालता आला, आणि 'अकलेची गोष्ट' सारख्या वगनाट्यात सोंगाड्याचा हजरजबाबीपणा सावकाराच्या हिशेबावर रोखता आला. म्हणजे विनोद काढून टाकला नाही. त्याचे लक्ष्य बदलले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर आणि पथकाच्या वगनाट्यांवर बंदी घातली, त्यावरून हे लक्ष्य नेमके साधले होते असे दिसते. पुढे 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. ज्या नावाने आज सरकारी महोत्सव भरतात, त्याच्या जन्माशी सरकारी बंदीचा संबंध असावा, ही गंमतच म्हणावयाची.

पथकाच्या सामुदायिकतेचा उत्तम पुरावा म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. रचना अण्णाभाऊंची, पण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ती घरोघर पोचली ती अमर शेखांच्या कंठातून. पोटासाठी मुंबईस आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची स्त्री यांचा विरह रंगवीत रंगवीत कवन अखेरीस खंडित महाराष्ट्राकडे वळते, आणि बेळगाव, कारवार यांची नावे त्या स्त्रीच्या जागी येऊन बसतात. कागदावर हे वळण काहीसे अकस्मात वाटते. गाण्यात तसे वाटत नाही. कारण झीलकऱ्यांनी धरलेले ध्रुपद तोवर एका गड्याचे दुःख समूहाच्या तोंडी देऊन चुकलेले असते. शेवटच्या रूपकाचे अर्धे काम झिलीनेच उरकलेले असते. छापील संहितेवरून या रचनेची परीक्षा करणारा समीक्षक म्हणूनच फसतो.

तथापि हा श्रोतृसमूह कोणता, हेही विचारले पाहिजे. तो घाटावरून आणि कोकणातून आलेला, एक पाय गावात नि एक पाय गिरणीत असलेला मुंबईकर कामगार होता. यवतमाळ जिल्ह्यातून पाहिले म्हणजे या हाकेची मर्यादा स्पष्ट दिसते. हा जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होता. मुंबई सरकारची तमाशाबंदी येथे लागू नव्हती, आणि 'मैने'तील विरहही येथला नव्हता. येथे कोलामांची दंडार होती, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजने होती. आणि याच जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे स्वतंत्र विदर्भाच्या भूमिकेवर १९६२ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या काळात पथकाचे गाणे 'अवघ्या महाराष्ट्राचा आवाज' ठरत होते, त्याच काळात या भागातील एक मोठे मत त्या 'अवघ्या'त सामील व्हावयास राजी नव्हते. याने छक्कडीचे काव्यगुण उणावत नाहीत. परंतु तिचा गौरव करताना वापरली जाणारी ती सरसकट विशेषणे तपासून घ्यावी लागतात.

पथक विखुरल्यावर प्रत्येकाने स्वतंत्रपणे पुष्कळ केले. अण्णाभाऊ कथाकादंबरीकडे वळले. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक चालविले आणि 'कलश' व 'धरतीमाता' हे कवितासंग्रह प्रसिद्ध केले. 'फकिरा'तील गद्याची वेगवान, सवालजवाबी चाल वगाच्या तालमीतून आलेली आहे. तेथे लेखकाला पथकाची शिदोरी पुरली. अमर शेखांच्या छापील कवितेत मात्र संबोधने मोठी आहेत आणि समोर उत्तर देणारे कोणी नाही. ओळी जणू झिलीसाठी थांबतात आणि झील येत नाही. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, अमर शेख निवर्तले. त्यांच्यामागे उभे राहून सूर धरणारे, डफ-तुणतुणे वाजविणारे कोण कोण होते, याची यादी दोघांच्याही वाङ्मयाच्या सूचीत शोधून सापडत नाही.