मेलेल्या धनेशाचा पिवळा

शिल्पावर लिहिले जाते, चित्रावर लिहिले जाते; पेंढा भरलेल्या प्राण्याच्या रंगकामावर मात्र कोणी लिहीत नाही. फार तर कोणी विचारतो, की रंग पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्राशी जुळतो का. जुळला की काम 'हुबेहूब'. माझा आक्षेप या कसोटीलाच आहे.

वाघ-बिबट्याच्या बाबतीत ही कसोटी फारशी नडत नाही. केसांतला रंग मरणानंतरही राहतो. उजेडाने विटतो, पण सावकाश. रंगवावी लागते ती उघडी कातडी : नाक, ओठ, पापण्यांच्या कडा. रक्त गेले आणि कातडी वाळली की तिथला जिवंतपणा जातो. बरेच कारागीर मग नाकावर चकचकीत काळा रंग फासून मोकळे होतात. माशाचे तर सगळे अंगच रंगवावे लागते. पण रंग कुठला निवडायचा हा प्रश्न खरा पेचात टाकतो तो महाधनेशापाशी.

सह्याद्रीच्या सदाहरित रानांतला हा पक्षी मुंबईकरांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावरून ओळखीचा आहे. सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश १९२० पर्यंत, जवळजवळ २६ वर्षे, नांदला. त्याची मान आणि पंखावरचा पट्टा मुळात पांढरा. पिवळेपण येते ते शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीतून. पक्षी चोच तिथे घासतो आणि ते तेल पिसांवर चोळतो; चोच आणि तिच्यावरचा टोपही त्याच तेलाने रंगतो. म्हणजे हा पिवळा त्याच्या अंगाचा कमी आणि सवयीचा जास्त. चोळणारा गेला की रंगाची भरपाई थांबते आणि संग्रहातला पक्षी हळूहळू फिकट पडत जातो.

आता रंगाऱ्याने काय करावे? विटका नमुना तसाच ठेवला तर पाहणाऱ्याला वाटेल की महाधनेश असाच असतो. डब्यातला पिवळा ऑइलपेंट सपाट फासला तर चोच दुकानाच्या पाटीसारखी दिसते. चोचीवरचे आवरण आपल्या नखाच्याच जातीचे, किंचित पारदर्शक. त्यावर पातळ, आरपार दिसणारे हात एकावर एक द्यावे लागतात आणि खालचा हस्तिदंती पोत दिसत राहावा लागतो. मानेवर तर ब्रश लावूच नये. पिसांचे धागे चिकटले की ते सुटे करणे कठीण. तिथे कोरडी रंगपूड बरी. आणि पिवळा सगळीकडे सारखा नको. चोळलेला रंग चोळल्यासारखाच दिसला पाहिजे, कुठे दाट, कुठे विरळ. पुस्तकातले चित्र इथे उपयोगाचे नाही, कारण चित्रकाराने तो डाग सोयीसाठी सारखा केलेला असतो. जिवंत पक्ष्याची छायाचित्रे, तीही एकाहून अधिक, समोर हवीत.

डोळ्यांची गंमत निराळीच. नराचे बुबुळ लाल आणि भोवतीची कातडी काळी. मादीचे बुबुळ पांढुरके आणि कातडी लालसर. काचेचा डोळा चुकला आणि भोवती मनाला येईल तो रंग दिला, की दोघांपैकी कोणाचाच नसलेला पक्षी तयार होतो. टोपाची मागची बाजू नराची काळी असते. कसबी माणूस तीही तपासून घेतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने महाधनेशाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, तेव्हा नवा नमुना सहजी मिळणार नाही. हाती आहेत ते जुनेच, आणि म्हणून त्यांच्यावर चढवलेला प्रत्येक थर मला धास्तीचा वाटतो. पुन्हा काढता न येणारा रंग हा कितीही देखणा असला तरी खालच्या पुराव्यावर मारलेला बोळा आहे. काढता येईल असाच रंग वापरावा, आणि पाटीवर जातीच्या नावाखाली दोन ओळी वाढवाव्यात : पिवळा कुठे पक्ष्याचा आहे, कुठे आमचा, आणि आमचा कुठल्या साली दिला.